डॉक्युमेंट होल्डर

डॉक्युमेंट होल्डर : ज्यात पाहून संगणकावर मजकूर किंवा आकडे भरायचे, तो कागद डोळ्यांसमोर तिरका उभा धरणारे टेबलावरचे साधन. यालाच कॉपी होल्डर असेही म्हणतात. गरज जुनीच आहे. खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छपाई करणाऱ्या छापखान्यात जुळारी हस्तलिखिताचे पान खिळ्यांच्या पेटीवर उभे करून ठेवत, आणि पुढे टाइपरायटरशेजारीही असा स्टँड आला.

कागद टेबलावर आडवा पडलेला असला की ओळीओळीला मान खाली जाते, बाजूला वळते आणि पुन्हा वर येते. डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किलो असते. ते पुढे झुकले की तोलून धरण्याचे काम मानेमागच्या स्नायूंवर पडते. कागद रोज डावीकडेच असेल, तर एकाच बाजूचे स्नायू आखडतात. डोळ्यांचेही तसेच. कागद ३५ सेंमीवर आणि पडदा ६५ सेंमीवर असेल, तर प्रत्येक फेरीत नजर नव्याने जुळवावी लागते. म्हणून कागद आणि पडदा डोळ्यांपासून जवळपास सारख्याच अंतरावर हवेत. पडद्यासाठी अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेने ५० ते १०० सेंमी अंतर सुचवले आहे.

होल्डर निवडताना पहिला प्रश्न असा : नजर जास्त वेळ कुठे असते? ज्याच्याकडे जास्त पाहायचे, ते समोर हवे. कळांकडे न पाहता टाइप करणाऱ्याची नजर बहुतेक वेळ कागदावरच असते. अशा कामात कागद मधोमध आणि मॉनिटर थोडा बाजूला ठेवणेच योग्य, मग ते दिसायला कितीही विचित्र वाटो. नजर दोन्हीकडे सारखी फिरत असेल, किंवा कळांकडेही पाहावे लागत असेल, तर कीबोर्ड आणि मॉनिटर यांच्यामध्ये बसणारा आडवा, उतरता होल्डर सर्वांत चांगला. कळा, कागद आणि पडदा एका उभ्या रेषेत येतात, मान वळतच नाही. बहुतेकांनी आधी हाच प्रकार पाहावा.

त्याला जागा मात्र लागते. मॉनिटर मागे सरकवूनही जागा होत नसेल, तर कीबोर्ड पुढे ओढू नये आणि होल्डर दामटून बसवू नये. मनगटे टेबलाच्या कडेवर टेकू लागली किंवा हात लांबवून टाइप करावे लागले, तर मानेचे दुखणे खांद्यावर गेले एवढेच. विकत घेण्याआधी एक जाड पुठ्ठा दोन पुस्तकांवर तिरका टेकवून तासभर काम करून पाहावे. पडद्याची खालची पट्टी झाकली जाते का, हे तेव्हाच कळते. नुसत्या लॅपटॉपवर हा प्रकार जमत नाही, कारण कळा आणि पडदा यांच्यात फटच नसते. त्यासाठी वेगळा कीबोर्ड जोडून लॅपटॉप उंच ठेवावा लागतो.

जागा नसेल तर मॉनिटरच्या शेजारी उभा राहणारा स्टँड घ्यावा. तो पडद्याला अगदी खेटून, त्याच उंचीवर आणि थोडा आपल्याकडे वळवून ठेवावा. मॉनिटरच्या कडेला चिकटणारी क्लिप दोन-चार सुट्या कागदांपुरतीच ठीक. हल्लीच्या मॉनिटरची चौकट इतकी अरुंद असते, की चिकटपट्टीला धड जागा मिळत नाही. लॅपटॉपच्या झाकणाला तर क्लिप लावूच नये. बिजागरीवर भार येतो आणि पडदा हळूहळू मागे कलतो.

मजबुतीचा अंदाज वजनावरून घ्यावा. ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे शंभर पानांची फाइल अर्धा किलो. पाठीची फळी कागदापेक्षा फार लहान नको. ए-४ची उंची २९७ मिमी आणि लीगल कागदाची ३५६ मिमी असते. फळी आखूड असली की वरचे दोन्ही कोपरे पुढे लवतात आणि नेमकी पहिली ओळ त्या वळणात जाते. मधोमध एकच क्लिप असली तरी हेच होते. दोन क्लिपा किंवा पूर्ण रुंदीची पट्टी असावी. पुस्तक ठेवायचे असल्यास खालची कड त्याच्या जाडीला पुरेल एवढी खोल हवी. कागदावर खुणा करायच्या असतील, तर होल्डर घेताना पेन दाबून पाहावे : फळी लचकली किंवा मागे घसरली, तर तो फक्त वाचण्यापुरता. ओळीवर सरकवायची पट्टी आकडे भरणाऱ्यांना फार उपयोगी पडते. ओळ सुटण्याची चूक तिने बरीच टळते.

चकचकीत ॲक्रिलिकपेक्षा खरखरीत, मळकट रंगाचा पृष्ठभाग बरा. कागदावर दिव्याचा उजेड बाजूने यावा आणि दिव्याचे तोंड पडद्याकडे नसावे. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांनी कागद पडद्याइतका उंच नेऊ नये. वाचायचा भाग भिंगाच्या तळाशी असल्यामुळे ते हनुवटी वर करून वाचू लागतात आणि मान मागे दुमडते. त्यांना मधला, खालच्या पातळीवरचा होल्डरच सोयीचा.

बसवल्यावर कल ठरवायची सोपी रीत : नेहमीसारखे टेकून बसावे, पानाची शेवटची ओळ वाचावी आणि पाठ खुर्चीपासून सुटली का ते पाहावे. सुटत असेल तर फळी आणखी उभी करावी किंवा थोडी वर घ्यावी.