सोडियम-पोटॅशियम पंप

प्राण्यांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पटलात असलेले आणि एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतील ऊर्जा वापरून पेशीतला सोडियम बाहेर व बाहेरचा पोटॅशियम आत नेणारे प्रथिन. एक एटीपी खर्च झाला की ३ सोडियम आयन बाहेर जातात आणि २ पोटॅशियम आयन आत येतात. दोन्ही आयन कमी संहतीकडून (द्रवातील कमी प्रमाणाकडून) जास्त संहतीकडे, म्हणजे उलट दिशेने न्यायचे असल्यामुळे ऊर्जा लागते.

रक्तद्रवात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल आणि पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिमोल असतो. पेशीच्या आत चित्र नेमके उलटे: सोडियम साधारण १० ते १५, पोटॅशियम १४० च्या आसपास. पटलातील वाहिन्यांमधून आणि वाहक प्रथिनांमधून सोडियम सतत आत झिरपतो, पोटॅशियम बाहेर झिरपतो. तळाला भोक असलेल्या होडीतून पाणी उपसत राहावे तसे हे काम आहे. पेशी विश्रांतीत असली तरी ते थांबवता येत नाही. विश्रांतीत शरीर जेवढी ऊर्जा वापरते तिचा सुमारे पाचवा हिस्सा या एकाच प्रथिनावर खर्च होतो, आणि मेंदूत हे प्रमाण त्याहून बरेच जास्त असते.

पंपाचा मोठा घटक, अल्फा, सुमारे हजार ॲमिनो आम्लांचा असून पटलातून दहा वेळा आरपार जातो. आयन आणि एटीपी याच घटकाला चिकटतात. लहान बीटा घटक पंप नीट घडून पटलापर्यंत पोहोचावा यासाठी लागतो. काम सुरू होते ते पंप आतल्या बाजूला उघडा असताना. तीन सोडियम आयन आपापल्या जागी बसले की एटीपीचा शेवटचा फॉस्फेट गट अल्फा घटकातील ॲस्पार्टिक आम्ल या एका ठरावीक ॲमिनो आम्लावर जोडला जातो. यासाठी मॅग्नेशियम असावाच लागतो. फॉस्फेट जोडल्यावर प्रथिनाचा आकार बदलतो, आतला मार्ग बंद होऊन बाहेरचा उघडतो आणि सोडियमवरची पकड सुटते. आता त्या जागांना पोटॅशियम अधिक पसंत असतो. दोन पोटॅशियम आयन बसताच बाहेरचे दार मिटते, फॉस्फेट सुटतो, नवा एटीपी चिकटतो, पंप पुन्हा आत उघडतो आणि पोटॅशियम पेशीत सोडतो. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच उघड्या नसतात. तसे झाले असते तर पंपाचीच गळकी वाहिनी होऊन सगळी मेहनत वाया गेली असती.

येन्स स्काऊ या डॅनिश शास्त्रज्ञांनी खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना हा पंप, म्हणजेच एटीपीचे विघटन करणारे हे एंझाइम, शोधले आणि १९५७ मध्ये ते प्रसिद्ध केले. मॅग्नेशियमच्या जोडीला सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही दिले तरच एटीपीचे विघटन जोराने वाढते, हे त्यांचे निर्णायक निरीक्षण होते. या कामासाठी १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांना मिळाला.

विद्यार्थ्यांचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. चेतापेशीत आवेग (विद्युत संदेश) आल्यानंतर पटलाचा विद्युतदाब पूर्वपदावर आणण्याचे काम पंप करत नाही. ते पोटॅशियम वाहिन्या उघडल्यामुळे होते. एका आवेगात इतके थोडे आयन इकडचे तिकडे होतात की एकूण संहती जवळपास बदलत नाही. पंप बंद पाडला तरी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूतून आणखी हजारो आवेग जाऊ शकतात. सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचा विश्रांती-विभवही (पेशी शांत असतानाचा पटलाचा विद्युतदाब) मुख्यतः पोटॅशियमच्या गळतीतून येतो. तीन बाहेर व दोन आत या फरकातून पंपाची थेट भर काही मिलिव्होल्टचीच. पण ज्या संहतीभेदावर हे सारे चालते, तो पंपच टिकवतो.

हाच संहतीभेद इतर वाहक प्रथिने वापरतात. लहान आतड्यात एक वाहक दोन सोडियम आयनांबरोबर ग्लुकोजचा एक रेणू आत ओढतो. पेशीच्या रक्ताकडील बाजूचा पंप तो सोडियम लगेच बाहेर काढतो, आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल ठेवलेले आहेत ते यासाठीच. नुसते पाणी किंवा नुसते मीठ दिल्याने हा मार्ग नीट चालत नाही, आणि साखर फार वाढवली तर तर्षणाने (जास्त विरघळलेल्या द्रवाकडे पाणी ओढले जाण्याने) पाणी उलट आतड्यात खेचले जाऊन जुलाब वाढतात.

पंप बंद पडला तर पेशी फुगते. पेशीतली प्रथिने व इतर ऋणभारित रेणू बाहेर पडू शकत नाहीत. सोडियम आत साचला की क्लोराइड आणि पाणी मागोमाग येते. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर काही मिनिटांत एटीपी संपतो आणि चेतापेशींना अशी सूज येऊ लागते.

डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध पंपाला बाहेरच्या बाजूने अडवते. पेशीतला सोडियम थोडा वाढतो, त्यामुळे सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारा वाहक मंदावतो, आणि उरलेल्या कॅल्शियममुळे हृदयस्नायू जोराने आकुंचन पावतो. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन पंपावर एकमेकांशी स्पर्धा करतात. म्हणून रक्तातला पोटॅशियम कमी झाला, उदाहरणार्थ लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे, तर नेहमीच्याच मात्रेतही विषबाधा होऊ शकते. याउलट इन्शुलिन पंपाला चालना देते. रक्तातला पोटॅशियम धोकादायक वाढल्यावर ग्लुकोजसह इन्शुलिन देतात ते तो पेशींत ढकलण्यासाठी. पोटॅशियम त्यामुळे शरीराबाहेर जात नाही, काही तासांनी पुन्हा वर येतो.

थंडीत पंप मंदावतो, गळती मात्र चालूच राहते. रक्तपेढीत साठवलेल्या रक्ताच्या द्रवात पोटॅशियम दिवसागणिक वाढतो तो याच कारणाने. प्रयोगशाळेतही हीच अडचण येते: रक्तद्रव वेगळा न करता नमुना फ्रिजमध्ये ठेवला, तर तांबड्या पेशींतून पोटॅशियम बाहेर येतो आणि निरोगी माणसाचाही अहवाल बिघडतो. नमुना घेताना पेशी फुटल्या किंवा मूठ वारंवार आवळली तरी आकडा फसवा येतो. रुग्णाला त्रास नसेल आणि ईसीजी ठीक असेल तर नवा नमुना घेऊन लगेच तपासावा. ईसीजीत बदल दिसत असतील तर फेरतपासणीची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात.