समुद्र नसलेल्या शहरांचे मैलापाणी

मुंबईत वरळी आणि वांद्र्याचे मैलापाणी समुद्रतळाखालच्या बोगद्यांतून तीन किलोमीटरहून आत नेऊन सोडतात. भरती-ओहोटी ते पांगवते. एवढ्यावर भागते का, हा वाद जुना आहे. मराठवाड्याला मात्र तेवढीही सोय नाही. नांदेडच्या नाल्यांतून गोदावरीत गेलेले पाणी बाभळी बंधाऱ्यावरून तेलंगणात उतरते. छत्रपती संभाजीनगरची खाम नदी तर नाथसागराकडेच, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाकडेच वाहते, आणि शहर पितेही नाथसागराचेच पाणी. इथे वरच्या गावाचे सांडपाणी हेच खालच्या गावाचे पिण्याचे पाणी असते.

मैलापाण्यात 99.9 टक्के पाणीच असते. उरलेल्या कणभर घाणीवर जिवाणू तुटून पडतात आणि ती खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. 27 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. लिटरभर घरगुती मैलापाणी कुजवायला लागतो 200 ते 300 मिलिग्रॅम. या गरजेलाच बीओडी म्हणतात. एप्रिल-मेमध्ये धार आटलेल्या पात्रात ही तूट भरून निघणे शक्यच नाही. मासे तडफडून वर येतात, पाणी काळे पडते, सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो.

शुद्धीकरण केंद्रात, म्हणजे एसटीपीत, हेच जिवाणू कामाला लावलेले असतात. फक्त त्यांना हवा कमी पडू दिली जात नाही. 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मैलापाण्यात हवा फुंकत ठेवली. पहिल्या खेपेला पाणी निवळायला काही आठवडे लागले. त्यांनी तळचा गाळ फेकून न देता त्यावरच नवे मैलापाणी ओतले, पुन्हा हवा दिली, आणि असे करत करत ते काम काही तासांवर आले. गाळ म्हणजे जिवाणूंचे विरजणच होते. आजही बहुतेक केंद्रे याच तत्त्वावर चालतात. आधी जाळीत प्लास्टिक आणि चिंध्या अडतात, मग वाळू खाली बसते, आणि खरे काम हवेच्या टाकीत होते.

टाकी नीट चालली आहे का, हे पाहायला ऑपरेटर त्यातले लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास हलवत नाही. चांगला गाळ तपकिरी असतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो. त्याचे पुंजके होऊन तो संथपणे खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहते. पाणी गढूळच राहिले किंवा गाळ फुगून तरंगला, तर टाकीत काहीतरी बिघडले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली देठावर डोलणारे घंटेच्या आकाराचे व्हॉर्टिसेला हे सूक्ष्मजीव दिसले, की जाणकार निश्चिंत होतो.

केंद्राची निम्मी किंवा त्याहून जास्त वीज हवा फुंकणारे ब्लोअर खातात. ब्लोअर काही तास बंद पडले, की टाकीतले उपयोगी जिवाणू गुदमरू लागतात, आणि ते पुन्हा जोम धरायला बरेच दिवस घेतात. म्हणून भारनियमनाच्या भागात केंद्र बांधताना जनरेटर, त्याचे डिझेल आणि दरमहाचे वीजबिल यांची तरतूद पहिल्याच दिवशी व्हायला हवी. माझ्या मते टाकीच्या क्षमतेच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होते. माणशी रोज 135 लिटरचा निकष आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी धरले, तर चार लाख वस्तीच्या शहरातून रोज चार कोटी लिटरहून जास्त पाणी नाल्यात जाते. टंचाईत ते घटते, पण आटत नाही. शुद्ध केले तर ते पुन्हा वापरता येते. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. परळीचे वीज केंद्र मात्र 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

शेताला हे पाणी द्यायचे, तर बीओडी उतरवून भागत नाही. नाल्यावर मोटार लावून पिकवलेल्या मेथी-कोथिंबिरीवर जंतांची अंडी येतात, आणि ती क्लोरीनला दाद देत नाहीत. कच्च्या खायच्या भाज्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे फार तर एक अंडे अशी आहे. त्यासाठी पाणी तळ्यात काही दिवस स्थिर ठेवून अंडी खाली बसवावी लागतात, किंवा वाळूच्या थरातून गाळावी लागतात.