हरिकेननंतर मदत कुठून मिळते: लायन्स क्लबची ग्रँट, फेमाचा अर्ज आणि लागणारे कागद

हेलीन हरिकेन आलं तेव्हा मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्येच होतो. आमच्याकडे लाईट गेली, झाडं पडली, एवढ्यावरच निभावलं. पण गाडीने दोन तासांवर डोंगरात, अ‍ॅशव्हिल, स्वॉननोआ, चिमनी रॉक या भागात जे झालं ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलं आणि पाऊस पाडला समुद्रापासून इतक्या लांब, बझिक नावाच्या एका ठिकाणी तर तीन दिवसांत 30 इंचाच्या वर. फ्रेंच ब्रॉड नदीने 1916 च्या पुराची पातळी ओलांडली. अ‍ॅशव्हिलमध्ये नळाचं पाणी न उकळता प्यायला 18 नोव्हेंबर उजाडला.

मी लायन्स क्लबचा मेंबर आहे, त्यामुळे त्या दिवसांत ओळखीतल्या मराठी लोकांचे खूप फोन आले आणि प्रश्न साधारण तेच. आम्ही मेंबर नाही, आम्हाला मिळेल का? आम्ही मेंबर आहोत, मग आम्हाला आधी मिळेल का? आम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत, फेमाला, म्हणजे सरकारच्या आपत्ती मदत संस्थेला अर्ज केला तर काही प्रॉब्लेम होईल का? हेलीनसाठी फेमाची मुदत वाढत वाढत मार्च 2025 पर्यंत गेली आणि आता संपली, पण दरवर्षी 1 जूनला हरिकेनचा सीझन परत सुरू होतोच, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी लायन्सचं. आपल्याकडे लायन्स म्हटलं की डोळ्यांचं शिबिर आठवतं, मुंबईत 1956 ला भारतातला पहिला क्लब निघाला तेव्हापासून ती ओळखच आहे. पण त्यांचं एक आंतरराष्ट्रीय फाउंडेशन आहे, 1968 पासूनचं, आणि आपत्तीत मोठा पैसा येतो तो तिथून. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. ही ग्रँट माणसाला मिळत नाही, क्लबलाही थेट मिळत नाही. अर्ज करतात डिस्ट्रिक्ट गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडे ज्यांना प्रांतपाल म्हणतात ते. इमर्जन्सी ग्रँट 10,000 डॉलरपर्यंत, अट अशी की नैसर्गिक आपत्तीत किमान 100 लोकांना घर सोडावं लागलेलं असावं, आणि पैसा जातो खाणं, पाणी, कपडे, औषधं अशा तातडीच्या गोष्टींवर. पडलेली भिंत यातून बांधून मिळत नाही. तातडीची गरज भागली की मग साफसफाई आणि दुरुस्तीसाठी वेगळी कम्युनिटी रिकव्हरी ग्रँट आहे, ती 20,000 डॉलरपर्यंत. आणि संकट फारच मोठं असेल तर मेजर कॅटॅस्ट्रॉफी ग्रँट, तो निर्णय फाउंडेशनच्या पातळीवर होतो.

मग क्लबच्या सेक्रेटरीने काय करायचं? प्रांतपालांना आकडे द्यायचे. किती घरं गेली, किती लोक शेल्टरमध्ये, कशाची कमी आहे, रेड क्रॉस आणि काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) काय देतायत आणि आपण त्यात काय भर घालणार, सामान कुठून घेणार, वाटणार कोण, ढोबळ बजेट. "खूप नुकसान झालंय हो" एवढ्यावर काही हलत नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती एका पाकिटात टाका आणि फोटो काढून ठेवा, कारण नंतर हिशोब द्यावाच लागतो आणि चिखलात भिजलेली थर्मल कागदाची पावती आठवड्यात कोरी होते, हे मी स्वतः बघितलंय.

ज्याला मदत हवीय त्याने मात्र यातलं काही करायचं नाही. जवळच्या क्लबला फोन करायचा, नाव, पत्ता, घरात माणसं किती आणि लगेच काय हवंय ते सांगायचं. मेंबर असायची गरज नाही. आमच्या क्लबने तर व्हिसा कोणालाच विचारला नाही, पाणी द्यायला पासपोर्ट कशाला बघायचा?

आता मेंबरचं घर गेलं असेल तर? हा प्रश्न फार हळवा आहे. क्लबचे पैसे दोन खात्यांत असतात. वर्गणीतून चालतं ते प्रशासकीय खातं, आणि लोकांकडून जमवलेलं ते सेवेचं. सेवेच्या खात्यातला पैसा लोकांसाठीच, तो मेंबरच्या खासगी फायद्याला वापरता येत नाही. म्हणून मेंबर असला तरी तो इतर पूरग्रस्तांसारखाच, त्याच रांगेत, त्याच निकषावर, आणि यादी ठरवताना त्याने स्वतः बसायचं नाही. त्यापेक्षा जास्त करायचं असेल तर सगळ्यांनी आपल्या खिशातून करायचं. आम्ही तेच केलं, आपापसात वर्गणी काढली, आळीपाळीने डबे पोचवले, शनिवार-रविवार फावडी घेऊन गेलो. नियम कडक वाटतो, पण मला तो शंभर टक्के पटतो, देणाऱ्याचा विश्वास त्याच्यावरच टिकतो.

पण घराचं भाडं, दुरुस्ती, गेलेलं सामान यासाठी मुख्य दार फेमाचंच. इथे तलाठी येऊन पंचनामा करत नाही, अर्ज आपणच करायचा, फेमाच्या वेबसाईटवर, अ‍ॅपवर किंवा 1-800-621-3362 वर फोन करून, मग इन्स्पेक्शन होतं. आपली काउंटी आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या यादीत आहे का ते आधी बघा. मुदत साधारण 60 दिवस, एका घरातून एकच अर्ज. हेलीनला तातडीची म्हणून 750 डॉलरची रक्कम होती, लोकांना वाटलं सरकार एवढंच देणार आणि पुढचं मागितलंच नाही. ती फक्त सुरुवातीची असते, भाडं आणि दुरुस्तीचं वेगळं.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं इथून पुढे. रोख मदत नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि निर्वासित, आश्रय मिळालेले अशा काही गटांना मिळते. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन असे नोकरीचे, कुटुंबाचे, शिक्षणाचे तात्पुरते व्हिसा यात बसत नाहीत. पण मूल इथे जन्मलेलं असेल, अठराच्या आतलं असेल, तुमच्याबरोबर राहत असेल आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर असेल तर त्या मुलाच्या वतीने आई किंवा बाबा अर्ज करू शकतात. हे इतक्या घरांना माहीत नव्हतं की ऐकून जीव तुटायचा. आणि शेल्टर, जेवण, पाणी, समुपदेशन, आपत्तीतला कायदेशीर सल्ला याला व्हिसाची अट नाही. तरी मनात भीती असेल तर अर्जाआधी वकिलाशी बोला, गप्प बसून दिवस घालवू नका.

कागद काय लागतात? सोशल सिक्युरिटी नंबर, ओळखपत्र, वादळाच्या वेळी राहत होतात तो पत्ता आणि आता कुठे आहात तो, घरातल्या सगळ्यांची नावं, वर्षाचं उत्पन्न, बँकेचा खाते नंबर. राहत होतो याचा पुरावा म्हणून लीज किंवा लाईट बिल, स्वतःचं घर असेल तर मालकीचा कागद. आणि इन्शुरन्स. साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, डोंगरातल्या बहुतेकांकडे नव्हताच. तरी कंपनीकडे क्लेम टाकायचा आणि नकाराचं पत्र घ्यायचं, कारण फेमा तेच मागते. क्लबने काही दिलं तर कशासाठी दिलं ते चिठ्ठीवर लिहून घ्या, एकाच खर्चाला दोनदा पैसे मिळत नाहीत.

साफसफाईची घाई करू नका, आधी फोटो. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे, फ्रिजच्या मागच्या नंबरच्या पट्टीचे.

स्वॉननोआजवळ एका घरात मी बाईंबरोबर बसून अर्ज भरला होता, नवरा-बायको दोघं व्हिसावर, मुलगी तीन वर्षांची, इथलीच. तिचा जन्मदाखला चिखलाने चिकटून गेलेला, तो आम्ही गाडीच्या डॅशबोर्डवर पेपर टॉवेल घालून दिवसभर वाळवला. दाखल्यावरचा नंबर वाचता आला. तरी पहिलं पत्र नकाराचंच आलं, बाई रडायलाच लागल्या. पत्र शेवटपर्यंत वाचलं तर लीजची प्रत जोडायची राहिली होती. नकाराच्या पत्रावर जी तारीख असते तिथून अपील करायला 60 दिवस मिळतात, त्यांनी चौथ्या दिवशी केलं.