पाटगावच्या वादाची पार्श्वभूमी: ‘जलविद्युत’ शब्दाने घातलेला घोळ

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगाव धरणावर 2100 मेगावॉटचा वीजप्रकल्प प्रस्तावित झाला आणि भुदरगड-कागल तालुक्यांमधल्या वेदगंगा नदीकाठी अस्वस्थता पसरली. या विरोधाला पाण्याची काळजी जितकी कारण आहे, तितकाच एक शब्दही कारण आहे.

जलविद्युत म्हटलं की कोल्हापूरकराला राधानगरी आठवते. संस्थानकाळात पाया घातलेलं धरण, खाली सोडलेल्या पाण्यावर होणारी वीज आणि पुढे तेच पाणी उसाला. काळम्मावाडीच्या पायथ्याचं 24 मेगावॉटचं केंद्रही त्याच रीतीचं. चंदगडमधलं तिलारी (66 मेगावॉट) वेगळं, कारण तिथलं पाणी घाट उतरून कोकणात जातं. कोयनेचंही तसंच, फक्त 1960 मेगावॉट एवढ्या आवाक्याचं. पाणी पश्चिमेला गेलं की परत येत नाही, ही भीती घाटमाथ्यावर जुनी आहे आणि तिला आधार आहे.

पाटगावचा प्रस्ताव मात्र ‘उदंचन’ प्रकल्पाचा आहे. वर एक जलाशय, सह्याद्रीखाली कोकणाच्या बाजूला दुसरा. दुपारी सौरवीज मुबलक असते तेव्हा पाणी वर उपसायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडून वीज घ्यायची. उपशाला शंभर युनिट लागले तर परत मिळतात साधारण पंचाहत्तर ते ऐंशी. म्हणजे असा प्रकल्प जितकी वीज देतो त्याहून जास्त खातो. हे वीज साठवण्याचं साधन आहे. घाटघरला 250 मेगावॉटचं असं केंद्र 2008 पासून आहे. तरीही कागदोपत्री आणि भाषणांत ‘जलविद्युत’ हाच शब्द आला, त्यामुळे विरोध करणारे ‘आमच्या पाण्यावर वीज करणार’ म्हणतात आणि समर्थक ‘पाणी खर्चच होत नाही’ म्हणतात. दोन्ही अर्धवट आहे. तेच पाणी वर-खाली फिरतं हे खरं. पण पहिला भरणा कुठून तरी घ्यावा लागतो आणि बाष्पीभवन, गळती दरवर्षी भरून काढावी लागते. सुमारे 3.7 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरणात ही बाब किरकोळ नाही.

साठवणीची गरज खोटी म्हणता येणार नाही. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) क्षमता आणि 2070 पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जन, जाहीर केलं. त्याच्या आदल्याच महिन्यात औष्णिक केंद्रांमधले कोळशाचे साठे तळाला गेले होते. 2022 च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच झालं. 2025 च्या मध्याला देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म झाली, पण 2024-25 मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळसा 70 टक्क्यांहून अधिक होता. क्षमता आणि निर्मिती यांतलं अंतर सूर्यास्तानंतर उघडं पडतं.

याच काळात, 2022 च्या फेब्रुवारीत, कोल्हापुरात शेतकरी दिवसा दहा तास विजेसाठी धरणं धरून बसले होते. मागणी साधी होती. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजताना साप, गवे, चंदगड-आजऱ्याकडे हत्ती. कार्बनचा विषय तिथे कुणी काढला नाही. तरी ऊर्जेच्या हिशेबात ही मागणी मोलाची होती: पंपाचा भार दुपारी आला की तेवढी वीज साठवावीच लागत नाही. कृषी वाहिन्या (शेतीपंपांना वीज नेणाऱ्या) सौरऊर्जेवर आणण्याची योजना 2017 ची, तिला वेग 2023 नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात आला. आपल्याकडे अडचण जागेची. उपकेंद्राजवळची जमीन बागायती, म्हणून नजर गायरानाकडे वळते आणि गावात नवा वाद उभा राहतो. साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडावरची वीज रात्रीही मिळते, पण ती गाळप हंगामापुरती आणि दराच्या भांडणात अडकलेली.

दिवसाची मागणी दिवसा भागवून जे उरेल त्यासाठी साठवण, असा क्रम लावला असता तर पाटगावची चर्चा वेगळी झाली असती. माझ्या मते भुदरगडच्या लोकांचा प्रश्न रास्त आहे: पहिला भरणा किती, कोणत्या महिन्यांत, अवर्षणाच्या वर्षी काय, आणि मोजणार कोण. कोयनेतून पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवायचं याला कृष्णा पाणीतंटा लवादाच्या 1976 च्या निवाड्यात 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. पाटगावसाठीही तसाच आकडा, टीएमसीत आणि महिन्यांसह, खोदाईआधी करारात असायला हवा.