गजकर्णाची कड आणि दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब

‘दोन दिवसांत खाज थांबली, म्हणजे औषध लागू पडले’ हा त्वचेच्या तक्रारींतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे आणि कोल्हापुरात तो दर पावसाळ्यात नव्याने उगवतो. मृग सरला की दोरीवरचे कपडे वाळेनासे होतात, ओलसर बनियन आणि चड्डी तशीच अंगावर चढते, भांगलणीला गेलेल्या बाईच्या परकराची नाडी दिवसभर भिजलेली राहते आणि मग जांघेत, कमरेला किंवा काखेत कडा उठलेला लालसर गोल चट्टा दिसू लागतो. मेडिकलमध्ये जाऊन खाजेची ट्यूब मागितली की ती बहुधा चिठ्ठीशिवाय मिळते. तिसऱ्या दिवशी लाली ओसरते, ट्यूब फडताळात जाते आणि महिन्याभरात तोच चट्टा तळहाताएवढा होऊन, सोबत आणखी दोघाचौघांना घेऊन परत येतो.

हा चट्टा म्हणजे गजकर्ण किंवा नायटा. तो रक्त बिघडल्यामुळे होत नाही. ‘रक्तशुद्धी’च्या काढ्यांची आणि बाटल्यांची विक्री ज्या समजुतीवर चालते, ती इथे शरीररचनेच्या साध्या माहितीपुढेच टिकत नाही, कारण गजकर्णाची बुरशी त्वचेच्या ज्या थरात राहते तिथे रक्तवाहिनी पोहोचतच नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. तळहात आणि तळपाय वगळले तर बहुतेक अंगावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी भरते. या पेशी केराटिन नावाच्या प्रथिनाने ठासून भरलेल्या असतात आणि केस, नखे, बैलाची शिंगेही त्याच जातीच्या प्रथिनाची बनलेली असतात.

केराटिन पचवणे ही सोपी गोष्ट नाही. त्याच्या साखळ्या गंधकाच्या दुहेरी पुलांनी एकमेकींना जखडलेल्या असतात आणि हे पूल शाबूत असेपर्यंत प्रथिने तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) आत शिरायला वाट मिळत नाही. गजकर्णाची बुरशी प्रथम सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून सल्फाइट तयार करते, पेशीपटलातल्या खास पंपाने ते बाहेर सोडते, त्या सल्फाइटने गंधकाचे पूल तुटतात आणि मग तिची विकरे मोकळ्या झालेल्या साखळ्यांचे तुकडे करतात. पूल तुटताना सुटलेले सिस्टीन पुन्हा तिच्याच उपयोगी पडते. जे अन्न फार थोड्या सजीवांना पचते त्यावर हिने आपला संसार उभा केला आहे, आणि या एका कौशल्यासाठी तिचे कौतुक करावेसे वाटते.

चट्टा गोल का असतो, याचे उत्तर तर याहून रंजक आहे. एका बिंदूपाशी रुजलेली बुरशी चारी बाजूंनी सारख्याच वेगाने पसरते. तिच्या प्रथिनांचे अंश खालच्या जिवंत थरात झिरपतात, तिथल्या पहारेकरी पेशी ते ओळखतात आणि टी पेशींना, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, बोलावणे धाडतात. सूज, लाली आणि खाज ही या लढाईची लक्षणे होत. त्याच वेळी त्वचेच्या तळाशी नव्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने बनू लागतात, त्या जुन्या थराला वर ढकलतात आणि बुरशीसकट तो थर कोंड्यासारखा झडून जातो. उसाच्या फडातले पाचट पेटवले की जाळ जसा कडेकडेने पुढे सरकतो आणि मध्ये राख उरते, तसेच इथे घडते: मधला भाग बराचसा निवळतो आणि उंच, खवलेदार, खाजरी कड बाहेर सरकत राहते. त्या कडेवरची लाली म्हणजे शरीर जागे असल्याची खूण आहे.

आता त्या ट्यूबकडे वळू. तिच्यात बहुतेक वेळा बुरशीनाशकाबरोबर, जीवाणूनाशकाबरोबर आणि क्वचित त्यांच्याशिवायही, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे जोरकस स्टेरॉइड असते. स्टेरॉइडचा रेणू पेशीचे आवरण सहज ओलांडतो, आतल्या ग्राही प्रथिनाला चिकटतो, ही जोडी केंद्रकात शिरते आणि सूज पेटवणाऱ्या जनुकांचा आवाज दाबते. परिणामी टी पेशींना बोलावणारे निरोप थांबतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लाली आणि खाज ओसरते. एवढेच घडले असते तरी पुरेसे वाईट होते. पण स्टेरॉइड तळाच्या पेशींचे विभाजनही मंदावते, म्हणजे बुरशी झाडून टाकण्याचा दुसरा मार्गही बंद होतो. रुग्णाला बरे वाटत असते ते नेमके त्याचा पहारा उठल्यामुळे. बुरशी मधल्या निवळलेल्या भागातही पुन्हा शिरते, वर्तुळात वर्तुळ उठते किंवा कड पुसट होऊन चट्ट्याची ओळखच हरवते. ट्यूब बंद करताच दबलेली प्रतिक्रिया उसळते, खाज दुपटीने परत येते आणि माणूस पुन्हा तीच ट्यूब विकत घेतो. महिनोन्‌महिने असे चालले की जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर प्रसूतीनंतर पोटावर दिसतात तसे वळ उमटतात, आणि ते कायमचे राहतात.

स्टेरॉइड हे औषध म्हणून वाईट नव्हे. त्याच्या शोधाला १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते उगाच नाही, आणि इसब किंवा सोरायसिसमध्ये योग्य ताकदीचे स्टेरॉइड ठरावीक दिवस लावणे हाच उपचार असतो, कारण तिथे मारायला बुरशी नसते, शमवायची असते ती सूजच. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरी काउंटरवरचा व्यवहार पुष्कळ ठिकाणी पूर्वीसारखाच चालतो.

खाजणारा प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो, हेही सांगायला हवे. पाठीवरचे पांढुरके, फारसे न खाजणारे ठिपके म्हणजे शिबे. तीही बुरशीच, पण वेगळ्या जातीची. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतले पुरळ आणि घरातल्या दोघातिघांना एकदम त्रास असेल तर ती खरूज समजावी. तिला ५ टक्के परमेथ्रिन मानेपासून पायापर्यंत रात्रभर लावावे लागते, घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. पाण्यात उभे राहून पायाच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्यांत बुरशी आणि जीवाणू दोन्ही असू शकतात. नागीण मात्र विषाणूची असते. तिची दोन टोके जुळली की माणूस दगावतो ही भीती निराधार आहे, कारण ती एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला उठते आणि सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. तिच्यावरची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झालेली बरी, आणि नेमके तेच तास गेरू लावण्यात व ती उतरवून घेण्यात जातात.

गजकर्णाची खात्री करण्याची तपासणी स्वस्त आणि झटपट आहे. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेवरचे खवले काचपट्टीवर खरवडून घेतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि काही मिनिटे थांबतात. पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीचे फाटे फुटलेले, पेरे असलेले धागे मात्र तसेच राहून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात.

उपचाराचे तत्त्व असे की बुरशीच्या पेशीपटलाला एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो आणि आपल्या पेशींना कोलेस्टेरॉल. टर्बिनाफिन हे औषध स्क्वालीन या कच्च्या मालापासून एर्गोस्टेरॉलकडे जाणाऱ्या वाटेवरचे एक विकर अडवते. क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही औषधे त्याच वाटेवर थोडे पुढे नाकाबंदी करतात. पंचाईत अशी की २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनिए या नावाने ओळखली जाऊ लागलेली, भारतीय उपखंडातून पसरलेली बुरशी टर्बिनाफिनला पुष्कळदा दाद देत नाही. त्या विकराच्या साखळीत ३९७ व्या जागी फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लाऐवजी ल्यूसिन आले, एवढ्या एका बदलाने औषधाची पकड सुटते. ती न्यूयॉर्कमध्येही आढळल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही, आणि इट्राकोनॅझोल किती आठवडे, कोणत्या इतर औषधांबरोबर चालेल किंवा चालणार नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. ते कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावे. अॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेतले तर ते नीट शोषले जात नाही. मलम लावताना ते चट्ट्याच्या कडेपलीकडे दोन बोटे न्यावे, कारण पुढची बुरशी अजून डोळ्यांना दिसत नसते, आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यावरही सुमारे दोन आठवडे लावत राहावे.

झडलेल्या खवल्यांत बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतात. त्यामुळे टॉवेल वेगळा हवा, कपडे कडक पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवलेले हवेत आणि पावसाळ्यात निदान इस्त्री केलेले हवेत. तालमीत जोडीला जोड लागते तिथे हा आजार पसरणे स्वाभाविकच आहे. कुस्तीच्या हौदातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालतात म्हणून ती माती बुरशी मारते असे मानणे धोक्याचे आहे. ओला लंगोट दुसऱ्याला देऊ नये आणि चट्टा असलेल्या पैलवानाने बरा होईपर्यंत जोर-बैठकांवर भागवावे. कमरेचा काळा करदोटा मात्र हमखास विसरला जातो. घामाने सतत ओला राहणारा हा दोरा चट्ट्यावरून फिरत असतो आणि तो कधी कुणी धूत नाही. दृष्ट लागेल या भीतीने तो न काढणाऱ्यांच्या कमरेवर दोऱ्याच्या रेषेत गजकर्ण पुन्हापुन्हा उठते.

त्वचारोगतज्ज्ञांकडे, किंवा सीपीआरच्या (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या) बाह्यरुग्ण विभागात जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. वेष्टनावर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एखाद्या स्टेरॉइडचे नाव लिहिलेले असेल तर डॉक्टरांना चट्ट्याची पुसट झालेली कड कशामुळे, हे कळते आणि खरवड कुठून घ्यायची तेही ठरवता येते.