वाशीमच्या गीता साने: प्रेम, धाडस आणि कायदा

कादंबरीकार गीता साने १९०७ साली वाशीमला जन्मल्या. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं गाव. त्या विज्ञान शिकल्या आणि लग्नानंतरही साने हेच नाव लावत राहिल्या. त्या काळात वऱ्हाडात हे किती अवघड गेलं असेल, याची कल्पना आजही खेड्यात नांदणाऱ्या बाईला सहज येईल.

‘निखळलेली हिरकणी’ ही त्यांची कादंबरी १९३६ ची. ‘वठलेला वृक्ष’ त्याच सुमाराची. त्यांच्या नायिका प्रेमाच्या नावाखाली मानहानी सोसत नाहीत. मान नसेल तिथून उठतात. लिहायला हे सोपं वाटतं. पण ब्रिटिश अंमलातल्या वऱ्हाडात हिंदू बाईला घटस्फोट मागायला कायदाच नव्हता. तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आला. नवऱ्याला मात्र दुसरी करायला मोकळीक. कुणबी-माळ्यांत, कष्टकरी जातींत काडीमोड होता, पाट लागायचा, जातपंचायत काही तरी वाट काढायची. पांढरपेशा घरातल्या लेकीला तीही वाट नव्हती. म्हणून ज्या शिकलेल्या, सोज्वळ म्हणवणाऱ्या घरांत ही पुस्तकं वाचली जात, तिथेच ती सर्वांत जास्त झोंबली असणार. आपल्याकडे या लेखिकेची आठवण इतकी कमी निघते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे त्यांनी चंबळच्या खोऱ्यावरही पुस्तक लिहिलं. १९९१ मध्ये त्या गेल्या.

त्यांची लेक वसुधा धगमवार कायद्याच्या अभ्यासक झाल्या, आणि इथे गोष्ट पुन्हा विदर्भात येते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिचं एका मुलावर प्रेम होतं, त्याच्याशी लग्न करायचं होतं. भावाने त्याविरुद्ध तक्रार केली म्हणून तिला ठाण्यात आणलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, असा अर्थ लावला गेला. भर रात्री, ठाण्यात, वर्दीपुढे तिने कोणतं धाडस दाखवायला हवं होतं?

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून हाच निकाल धारेवर धरला. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरूनच पुढे जायचं.