युनिट क्रमांकांचे वाटप (कर्नल)

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, टर्मिनल, डिस्क, नेटवर्क इंटरफेस अशा एकाच जातीच्या अनेक गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रत्येकीला ठरलेल्या मर्यादेतला एक मोकळा पूर्णांक देणे आणि तिचे काम संपल्यावर तो परत घेणे, याला युनिट क्रमांकांचे वाटप म्हणतात.

हे काम पाहायला सोलापुरातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा पुरते. लिनक्सच्या एका सर्व्हरवर तीन विद्यार्थ्यांनी एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, लॉगिन केले की त्यांना पीटीएस (आभासी टर्मिनल) ०, १ आणि २ मिळतात. ‘टीटीवाय’ ही कमांड दिली की आपापला क्रमांक दिसतो. १ क्रमांकाच्या मुलीने लॉगआउट केल्यावर चौथा आला, तर त्याला ३ नव्हे, १ मिळतो. सर्वांत लहान मोकळा क्रमांक आधी द्यायचा, हा नियम.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी पॉल-हेनिंग काम्प यांनी २००४ मध्ये लिहिलेली सुविधा आहे आणि ती मुळातून वाचण्याजोगी आहे. ती प्रत्येक क्रमांकाची वेगळी नोंद ठेवत नाही. सलग वापरातल्या किंवा सलग मोकळ्या क्रमांकांच्या पट्ट्यांची फक्त लांबी लिहिते. वापर फार विस्कळीत झाला तर त्या भागापुरता बिटमॅप करते, म्हणजे दर क्रमांकामागे एक बिट ठेवते. म्हणून मर्यादा कितीही मोठी ठेवली तरी मेमरी वाढत नाही. याचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही: क्रमांक देताना नवी मेमरी लागत नाही, पण परत घेताना लागू शकते. सर्वांत लहान क्रमांक देणे म्हणजे असलेला पट्टा सरकवणे. मधलाच क्रमांक सुटला की एका पट्ट्याचे तीन तुकडे होतात. त्यासाठी दोन नोंदींपुरती मेमरी लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारे कुलूप) घेण्यापूर्वीच मागून ठेवतात. मेमरी मिळेपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून लॉक हातात धरून क्रमांकाची मुक्तता करता येत नाही.

लिनक्सच्या आयडीए या क्रमांक वाटणाऱ्या सुविधेमध्ये याच्या नेमके उलट आहे. तिथे १०२४ बिटांचे बिटमॅप असतात. मेमरी क्रमांक देताना लागते, सोडताना नाही.

प्रोसेस (चालू प्रोग्राम) क्रमांकांना मात्र सर्वांत लहान मोकळा क्रमांक आधी देण्याचा नियम लागू नाही. लिनक्स ते चढत्या क्रमाने देत जातो आणि मर्यादा गाठल्यावरच मागे वळतो. ६४ बिटांच्या मशीनवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते. नुकत्याच संपलेल्या प्रोसेसचा क्रमांक लगेच दुसरीला गेला, तर पहिलीला थांबवण्यासाठी पाठवलेला सिग्नल भलतीलाच मारेल.

ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कर्नलचा भाग) लिहिणाऱ्याने मुक्ततेचा क्रम काटेकोरपणे पाळावा. आधी उपकरणाचे नाव काढायचे, मग ते वापरणारे सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचे, आणि क्रमांक सोडायचा तो सर्वांत शेवटी. घाई केली तर एकाच क्रमांकाची दोन उपकरणे उभी राहतात, आणि असा दोष चाचणीत क्वचितच सापडतो. काम्प यांच्या फाइलमध्ये चाचणीचा भागही आहे. ती कर्नलबाहेर साध्या सी प्रोग्रामसारखी कंपाइल करून पट्टे कसे तुटतात आणि जुळतात ते पाहता येते.